या वयात मोडी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या बायका, भाचरं, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी, सगळ्यांचा प्रश्न एकच, रिटायर झाल्यावर निवांत राहायचं सोडून या वयात मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, शिकून काय करणार? आणि लगेच पुढचा, लक्षात तरी राहतं का?

आधी लक्षात राहण्याचं सांगते. अक्षरं हळूहळू बसतात हे खरंय. मोडीत आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं, त्यामुळे एका अक्षराचं शेपूट दुसऱ्यात शिरतं, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही, स्वल्पविराम-पूर्णविराम नाही, दोन शब्दांमधे जागा सोडायचीसुद्धा पद्धत नाही. आमच्या वर्गात युनिव्हर्सिटीत इतिहास शिकणारी एक मुलगी आहे, तिची बाराखडी भराभर पाठ झाली आणि मला मात्र रोज बसून पानं गिरवावी लागतात. पण अक्षर ओळखता आलं म्हणजे कागद वाचता आला असं नाही ना, आणि मला जे सांगायचंय ते इथूनच सुरू होतं.

एका जमाखर्चात ७॥। असा आकडा होता. ती मुलगी सातापाशी थांबली, पुढच्या उभ्या रेघा कसल्या ते तिला कळेना. मी बघितल्याबरोबर म्हटलं, पावणेआठ! एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, रुपयाच्या हिशेबात सात रुपये बारा आणे. माझ्या आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, रोज संध्याकाळी दिव्यासमोर म्हणून घेतलीये, आणि नवे पैसे १९५७ ला आले तरी आमच्याकडे मोठी माणसं नंतर कितीतरी वर्षं आण्यांतच बोलायची. त्या मुलीला हे कोण सांगणार? तसंच मापांचं, चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी, हे मला कुठे बघावं लागत नाही. घराच्या खरेदीखतात ओटी, माजघर, परस, आड अशी यादी येते, एखादं अक्षर वाळवीने खाल्लेलं असतं, पण माजघरानंतर काय येणार ते मला माहिती असतं कारण मी तशा घरात वाढलेय. मोडी वाचताना निम्मं काम डोळे करतात आणि निम्मं हे असं जुनं साठवलेलं.

म्हणून मला वाटतं साठीनंतर काही शिकायचं तर असं निवडावं की जिथे आपलं वय कामाला येईल. मेंदू तल्लख राहतो म्हणून शिका असं व्हॉट्सॲपवर रोज येतं, राहत असेल तर चांगलंच आहे, पण नुसता व्यायाम म्हणून रोज दोन तास बसायला माझं तरी मन लागलं नसतं. इथे माझ्याकडे जे आहे त्याची कुणाला तरी गरज आहे.

आणि सगळंच येतं असं नाही. तारखा बघा. जुन्या मराठी कागदांत शुहूर सन नावाची कालगणना असते, तिचं वर्ष अरबी शब्दांत लिहितात, 'इहिदे समानीन मया व अलफ', म्हणजे एक, ऐंशी, शंभर आणि हजार, झाले ११८१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे (वर्ष मृगाला बदलतं म्हणून दोन आकडे) की इसवी सन १७८०-८१. हे मला ओ की ठो माहिती नव्हतं, त्या मुलीने शिकवलं, कोष्टक लिहून दिलं, ते आता पाठ आहे. आम्ही दोघी शेजारी बसूनच कागद लावतो, ती अक्षर सांगते, मी शब्द सांगते. ती मला आज्जी म्हणते.

बडोद्यात तर कुणी 'आता वय गेलं' म्हटलं की मला फार लागतं. सयाजीराव महाराज १८७५ मधे कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते, शिक्षणाची खरी सुरुवात तिथून झाली, आणि त्याच माणसाने पुढे १९०६ ला सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. गायकवाडांच्या कारभारात मराठी होती म्हणून इथे मोडीचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, सरकारी दप्तरात आहेत, देवळांत आहेत, तुमच्याआमच्या माळ्यावर आहेत. वाचणारे मात्र थोडे.

तेव्हा काय करणार याचं उत्तर, हे कागद वाचणार. सध्या शेजारच्या गुजराती कुटुंबाच्या पणजोबांचं एक कर्जरोखं लावतेय, निम्मं झालंय. तुमच्याकडे असे कागद असतील तर कृपा करून लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, घड्या जोर लावून उघडू नका. उजेडात सरळ वरून फोटो काढा, पाठच्या बाजूचासुद्धा, कारण तिथे बऱ्याचदा शेरा असतो, आणि आणून दाखवा. मी दुपारी चारनंतर घरीच असते.