देवाच्या रानाची नोंद

पंचायतीच्या व्हरांड्यात उभ्यानंच मी गावाची जैवविविधता नोंदवही चाळली. मुखपृष्ठावर आमच्या गावाचं नाव होतं, आत मात्र आमचं गाव कुठंच सापडेना. झाडांच्या यादीत देवराईतला कुंभा नाही, बिबला नाही, किंजळ नाही. 'स्थानिक जाणकार' या रकान्यात नुसती रेघ ओढलेली. शेवटच्या पानावर जैवविविधता समितीच्या सदस्यांची नावं होती. त्यातल्या दोघींना मी रोज भेटते. आपण असल्या कुठल्या समितीत आहोत हे त्यांना माझ्याकडूनच कळलं.

2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक पंचायतीत अशी समिती असायला हवी. गावातली झाडं, पिकं, जनावरं, औषधं आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेली माहिती लोकांना विचारूनच लिहून ठेवायची, हे तिचं मुख्य काम. कित्येक वर्षं बहुतेक ठिकाणी ते झालं नाही. मग 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सगळ्या राज्यांना 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली आणि त्यानंतर दरमहा दहा लाखांचा दंड सांगितला. देशभर घाईनं वह्या तयार झाल्या. आमचीही त्यातलीच असावी.

मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या आम्ही सातजणांनी मिळून लोकांना रविवारी रानात न्यायला सुरुवात केली होती. मूळ बेत भीमगडचा होता. 2011 साली अभयारण्य झालेलं ते जवळपास 190 चौरस किलोमीटरचं जंगल आमच्या उशाला आहे. तिथल्या बारापेडे गुहांमधल्या वटवाघळाची जात 1913 मध्ये पहिल्यांदा शास्त्रात नोंदली गेली, आणि पुढं कित्येक दशकं ती जगात फक्त तिथंच माहीत होती. मुलांना हे दाखवावं असं फार वाटायचं. पण अभयारण्यात शिरायला वन खात्याची लेखी परवानगी लागते, आणि आमचा अर्ज मंजूर झाला नाही. त्या दिवशी मी खट्टू झाले होते. आज वाटतं, झालं ते बरंच झालं. पस्तीस मुलांचा गलका आणि बॅटऱ्यांचा उजेड त्या गुहांना सोसला नसता. शिवाय परवानगी मिळाली असती तर आम्ही गावामागच्या सड्याकडं, त्या उघड्या कातळाच्या पठाराकडं, वळून पाहिलंही नसतं.

पहिल्या फेरीला अकरा मुलं आणि चार आया आल्या. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. जांभ्याच्या कातळावर सीतेची आसवं निळीजांभळी पसरलेली, मध्ये गेंदाचे पांढरे ठिपके, कडेला कवल्याची पिवळी फुलं. मुलं पोटावर झोपून दवबिंदू या किडे खाणाऱ्या रोपाच्या चिकट केसात अडकलेली माशी बघत होती. पण गावातून कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या फेरीच्या वेळी कारण कळलं. वाटेवर एका काकांनी आम्हाला अडवलं. "बाई, मोजणीला आलाय काय? खरं सांगा."

त्यांची शंका अगदी बरोबर होती. पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे सरकारी मसुदे 2014 पासून निघतायत. आपलं गाव यादीत आहे का, उद्या घराला कौल घालायला परवानगी मागावी लागेल का, या काळजीत इथली माणसं जगतात. वही-पेन घेऊन रानात हिंडणारा माणूस म्हणजे जमीन जाणार, एवढं साधं गणित आहे. आम्ही आधी रान गाठलं आणि लोकांशी बोलायचं मागाहून ठरवलं, ही आमची चूक होती. त्यानंतर दोन महिने एकही फेरी काढली नाही. मळणीच्या खळ्यावर, दूध डेअरीपुढं, माउलीच्या देवळात जाऊन बसत होतो. आम्ही काय लिहितोय ते वाचून दाखवत होतो आणि वही त्यांच्याच हातात देत होतो.

देवराईतली फेरी मग आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आजीनं काढली. खरंच तिनंच काढली, आम्ही मागून चालत होतो. चपला तिनं वेशीवर काढायला लावल्या. कुंभ्यापाशी थांबून सालीचा दोर कसा वळायचे ते हातानं करून दाखवलं. मुलींना म्हणाली, "पयल्या पावसात हितं शेवळं येत्यात. समदी काढू नका, बी राहूं द्या." कुड्याची फुलं, भारंगीचा पाला, वेळूचे कोंब, कुठल्या महिन्यात काय आणि किती घ्यायचं हे ती सांगत होती. जळण मात्र इथून एक काटकीही न्यायची नाही. का, असं एका पोरानं विचारलं. आजीनं खालच्या झऱ्याकडं बोट केलं. उन्हाळ्यात अर्ध्या गावाचं पाणी तिथलं.

त्या झऱ्यापाशी मी मुलांना पाण्याची वाट सांगितली. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेला जाऊन मिळते. म्हादई देगावजवळ उगम पावते आणि गोव्यात उतरते. दोन्ही आमच्याच तालुक्यात. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यात मुरतो, सावकाश पाझरतो आणि दोन समुद्रांकडं जातो. आजी ऐकत होती. "मग हे आमच्या एकट्याचं न्हवं," एवढंच म्हणाली.

कागदाचं काम यानंतर सुरू झालं. ही नोंदवही एकदा लिहून बंद करायची नसते, तिच्यात भर घालता येते, हे कळल्यावर आम्ही पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, अर्ज दिला. अर्ज कन्नडमध्ये लिहावा लागला. दोनदा परत आला, एकदा सर्व्हे नंबर नसल्यानं, एकदा देवराईचा उतारा जोडला नाही म्हणून. उतारा मिळवायला तीन आठवडे गेले. त्यावर गायरान अशी नोंद निघाली. ते बघून मला घाम फुटला, कारण गायरान म्हणजे उद्या कुणालाही मोकळी वाटू शकणारी जमीन.

नावांचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटला होता. स्थानिक नाव कुठल्या भाषेत लिहायचं? पंचायतीतले कारकून सौंदत्ती भागातले, मराठी तुटकं बोलणारे. मी 'ऐन' म्हटलं, त्यांना कळेना. झाडाच्या सालीचा फोटो दाखवला तसे ते खुलले, "हे मत्ती." मग जांभूळ म्हणजे नेरळे, बिबला म्हणजे होन्ने, कोकम म्हणजे मुरुगल असं करत आम्ही दुपारभर बसलो. कणबर्गीच्या एका मुलानं शास्त्रीय नावं तपासून दिली. प्रत्येक झाडापुढं आता दोन्ही नावं आहेत. सीमाभागात पाटीवरच्या अक्षरांवरून काय काय होतं ते आपण सगळे जाणतो. त्या टेबलावर ती दुपार मला फार मोलाची वाटली.

ग्रामसभेला पाऊणशे माणसं होती, निम्म्या बायका. यादी मीच मोठ्यानं वाचली. मोजणीची शंका घेणारे काका पुढच्याच रांगेत बसले होते. देवराईत तोड, खोदकाम आणि नवं बांधकाम नको, असा ठराव त्यांनीच मांडला. हात वर झाले. पीडीओ सही करणार तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला.

"बाई, अळंबी ऱ्हायली की."

सही थांबली. मी पेन उघडून तिच्या शेजारी जाऊन बसले. वारुळावरची, पेंढ्यातली, कुजक्या लाकडावरची, खायची कुठली आणि शिवायची नाहीत ती कुठली. पान भरलं तशी तिनं दुसरं मागितलं.