चार पोरं, चार कंट्रोलर आणि गोमुखी भिंत

2009 च्या ऑगस्टमध्ये मी एम.एस. करायला कोलोरॅडोतल्या बोल्डरला आलो. घरात आम्ही चौघे होतो: मी नाशिकचा, एक साताऱ्याचा, एक विजयवाड्याचा आणि एक इंदूरचा मराठी. डिसेंबरच्या सुट्टीत तिकिटं परवडत नव्हती, म्हणून कुणीच घरी गेलं नाही. शिक्षण संपवून निघालेल्या एका सीनिअरने त्याचा एक्सबॉक्स 360, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आणि चार कंट्रोलर आम्हाला स्वस्तात देऊन टाकले. चौघांना एकत्र, एकाच टीव्हीवर खेळता येईल असं काहीतरी आम्ही शोधत होतो, तेव्हा 'साउथ पार्क लेट्स गो टॉवर डिफेन्स प्ले' हा गेम सापडला. ऑक्टोबरमध्येच आलेला, किंमत एक्सबॉक्सच्या दुकानात तेव्हा चालणारे 800 मायक्रोसॉफ्ट पॉइंट, म्हणजे 10 डॉलर. प्रत्येकी अडीच डॉलर काढले.

हा गेम 'साउथ पार्क' या टीव्हीवरच्या कार्टून मालिकेवर बेतलेला. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन, ही मालिका उभी करणारे दोघे, आमच्याच विद्यापीठात एकमेकांना भेटले होते. 1997 पासून ती मालिका चालू आहे आणि तिच्यातलं गाव कोलोरॅडोच्या डोंगरातलं आहे, हे मला बोल्डरला आल्यावर कळलं. पडद्यावर बर्फातून पळणारी, कागद कापून केल्यासारखी ती पोरं आणि खिडकीबाहेर साठलेला बर्फ, दोन्ही एकाच मुलखातलं होतं. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

याआधी मी टॉवर डिफेन्स कॉम्प्युटरवर खेळलो होतो. वाटेच्या कडेने टॉवर लावायचे आणि शत्रूच्या लाटा येताना बघत बसायचं. इथे बसून चालत नाही. स्टॅन, काइल, कार्टमन आणि केनी ही चार पोरं स्वतः मैदानात असतात, बर्फाचे गोळे मारत धावत असतात. मेलेल्या शत्रूंकडून नाणी पडतात, ती पळत जाऊन वेचायची आणि त्यातून टॉवर आणि भिंती उभ्या करायच्या. समोरून सहावीतली दांडगी पोरं येतात, लाल केसांची मुलं येतात, गाई येतात. मालिका पाहणाऱ्याला यातलं प्रत्येक सोंग ओळखीचं.

पहिले काही टप्पे आम्ही नुसत्या उत्साहावर काढले. मग अडकलो, आणि चांगले तीन दिवस अडकलो. चौघेही गोळे फेकायचो, चौघेही दिसेल तिथे टॉवर लावायचो. नाणी जमिनीवर पडून राहायची आणि शेवटच्या लाटेत हातात पैसेच नसायचे. विजयवाड्याचा मित्र हिशेबाचा पक्का. चौथ्या दिवशी चहा घेताना तो म्हणाला, आपण भांडतोय शत्रूशी, पण हरतोय पैशात. मग ठरलं की एकाने फक्त नाणी वेचायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. हे काम इंदूरवाल्याने घेतलं. केनी त्याच्याकडे होता. नारिंगी कोटातलं ते पोरगं सगळ्या मैदानभर भिरभिरताना बघून आम्हाला धीर यायचा, कारण ते पळतंय तोवर आमचा खजिना भरतोय.

तरी दोन लाटा कमी पडत होत्या. इथे साताऱ्याचा मित्र कामाला आला. तो अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेला, ट्रेकिंगचं वेड असलेला. आमच्या भिंती बघून तो म्हणाला, "अरे, तू दरवाजा सरळ ठेवलायस. रायगडाचा महादरवाजा आठव." उठून त्याने कागदावर काढूनच दाखवलं. गोमुखी बांधणीत दरवाजा समोरून दिसत नाही, दोन बुरुजांच्या आड असतो. वाट वळून आत येते. वळताना येणाऱ्याचा वेग मोडतो, आणि तेवढा वेळ तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात राहतो. आम्ही तोवर भिंतीने शत्रू अडवायला बघत होतो. भिंतीचं खरं काम वाट लांबवणं आहे, हे त्या कागदावरून मला समजलं.

मग आम्ही सगळं मोडून नव्याने मांडलं. सरळ वाटेवर टॉवर लावला तर शत्रू त्याच्या टप्प्यातून एकदाच जातो. भिंतींनी वाट नागमोडी केली आणि टॉवर वळणाच्या पोटात लावला, तर तोच शत्रू त्याच टॉवरसमोरून जाताना एकदा आणि परत फिरताना एकदा जातो. टॉवर तेवढेच, मारा दुप्पट. पैसे वाचले ते आम्ही वळणावरचे टॉवर बळकट करण्यात घातले. दोन लाटांच्या मधली उसंत फार थोडी असते, म्हणून कुठली भिंत कधी उभी करायची याचा क्रम आधीच कागदावर लिहून घेतला आणि तो कागद टीव्हीखाली चिकटवला. काइल माझ्याकडे होता, मी निसटणाऱ्यांवर गोळे मारायला मागे थांबलो.

त्या रात्री तो टप्पा पार झाला. शेवटची गाय गावाच्या तोंडाशी पोहोचली होती, मी गोळा मारला आणि ती पडली. चौघे इतक्या जोरात ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या आजींनी छताला काठी ठोकली. दुसऱ्या दिवशी त्यांना गाजर हलवा नेऊन दिला. पुढचे टप्पे सोपे नव्हते, पण आता रीत सापडली होती. सुट्टी संपायच्या आत खेळ पूर्ण झाला.

मालिकेच्या 2002 मधल्या एका भागात गावाभोवती भिंत बांधतात आणि मंगोल घोडेस्वार ती पुन्हा पुन्हा पाडत राहतात. तो भाग आम्ही खेळ संपल्यावर पाहिला. साताऱ्याचा मित्र मन लावून बघत होता, प्रत्येक वेळी भिंत कुठे चुकली ते सांगत होता.

मे महिन्यात गाडी भाड्याने घेऊन आम्ही खरं साउथ पार्क, म्हणजे त्या नावाचं डोंगरातलं पठार, बघायला गेलो. पार्कर लहानाचा मोठा झाला ते कॉनिफर गाव 285 नंबरच्या हमरस्त्यावर लागतं. तिथून पुढे केनोशा खिंड ओलांडली की एकदम ते पठार समोर पसरतं, सगळीकडून डोंगरांनी वेढलेलं. फेअरप्ले हे तिथलं गाव 9,953 फुटांवर आहे, चार पावलं भरभर चाललं की धाप लागते. वारा बोचरा होता, सावलीत अजून बर्फ होता, रस्त्याकडेला गाई चरत होत्या. आम्ही खिंडीतल्या कठड्यापाशी परत येऊन बराच वेळ उभे राहिलो. साताऱ्याच्या मित्राने खाली उतरणाऱ्या रस्त्याच्या पहिल्या वळणाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "पहिला टॉवर इथे."