जंगल उघडण्याचे दिवस

नेपाळला निघाले म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "एव्हरेस्ट बेस कॅम्प का?" यावेळी नाही. यावेळी मला माणसांनी पुन्हा उभी केलेली जंगलं बघायची होती. सोबतची मंडळी लांगटांगच्या वाटेला लागली आणि मी काठमांडूच्या जुन्या बसपार्कात चौताराची बस धरली. सिंधुपाल्चोक जिल्ह्याचं हे मुख्य ठिकाण. नेपाळच्या सामुदायिक वनांची गोष्ट जिथून सुरू झाली त्यातला हा जिल्हा, त्यामुळे निवड सोपी होती.

अरनिको महामार्गाने धुलिखेल मागे पडलं की रस्ता घसरत घसरत पांचखालच्या भाजीच्या मळ्यांतून दोलालघाटला येतो. इथे इंद्रावती आणि सुनकोसी एकमेकींना मिळतात आणि पुलाजवळच्या टपऱ्यांवर नदीतले मासे कुरकुरीत तळून मिळतात. बस थांबतेच, न थांबली तर प्रवासीच थांबवतील. पूल ओलांडला की चौताराचा रस्ता वळणं घेत वर चढतो. खिडकीतून दिसतात ते नुसते पाइन. तिकडे त्यांना सल्ला म्हणतात. अख्खे उतार हिरवे, आणि नीट पाहिलं तर बहुतेक झाडं एकाच वयाची. आपोआप वाढलेलं रान असं कधीच दिसत नाही. कोणीतरी लावलंय हे तिथेच कळतं.

पन्नास वर्षांपूर्वी हे डोंगर बोडके होते. मी ज्या गावात राहिले तिथले एक वयस्कर बाजे (ब्राह्मण-छेत्री घरांत आजोबांना असंच हाक मारतात) म्हणाले, "या धारेवर शेळी बसली तरी चौतारातून दिसायची." बायका पहाटे अंधारात लाकडाला निघायच्या आणि उन्हं कलताना परतायच्या. १९५७ मध्ये सरकारने खासगी जंगलं राष्ट्रीयीकृत केली. उद्देश राणा काळातल्या, म्हणजे वंशपरंपरागत पंतप्रधानांच्या राजवटीतल्या, बड्या घराण्यांच्या ताब्यातली वनं काढून घेण्याचा होता, पण खेड्यातल्या माणसाला त्यातून एवढंच समजलं, की रान आता सरकारचं, आपलं नाही. सरकारकडे राखायला माणसं नव्हती आणि गावाने राखायचं सोडलं. असं बेवारस रान किती दिवस टिकणार? १९७८ मध्ये जागतिक बँकेच्या अहवालात भाकीत होतं, की हे असंच चाललं तर १९९३ पर्यंत नेपाळच्या डोंगरांत हाताशी येणारं जंगल उरणार नाही.

त्याआधीच, १९७३ मध्ये, याच जिल्ह्यातल्या ठोकर्पा गावाने एक वेगळी वाट धरली होती. स्थानिक पुढारी नीलप्रसाद भंडारी आणि तेव्हाचे जिल्हा वन अधिकारी तेजबहादुर सिंह महत यांनी मिळून गावाला रान राखायला दिलं. त्याला कायद्याचा आधार फारसा नव्हता. एका अधिकाऱ्याने विश्वास टाकला आणि गावाने तो निभावला, इतकंच. १९७८ मध्ये पंचायत वनांचे, म्हणजे गाव पंचायतीकडे रान सोपवायचे, नियम आले, त्याच वर्षी सिंधुपाल्चोक आणि शेजारच्या काभ्रेपलान्चोकमध्ये नेपाळ-ऑस्ट्रेलिया वन प्रकल्प सुरू झाला, रोपवाटिका उभ्या राहिल्या, सल्लाची लागवड झाली. आणि ज्या १९९३ मध्ये सगळं संपणार होतं, नेमक्या त्याच साली नेपाळने वन कायदा करून गावाच्या 'उपभोक्ता समूहा'ला रान सोपवायची सोय केली. जमीन सरकारचीच राहिली, पण उत्पन्न, निगा, नियम, दंड, सगळं समूहाकडे. आज असे बावीस हजारांहून जास्त समूह आहेत. उपग्रहाच्या चित्रांवरून नासाने सांगितलं ते असं, की १९९२ मध्ये देशाचा सुमारे २६ टक्के भाग जंगलाखाली होता, २०१६ मध्ये ४५ टक्के.

गाव रस्त्यापासून तासभर चढावर. वाटेत समूहाची पाटी दिसली आणि तिच्यावर हस्तांतरणाचं साल २०५२. मी दोनदा वाचलं. तिकडे विक्रम संवत चालतं हे माहीत असूनही भविष्यातली तारीख गंजक्या पत्र्यावर बघून गंमत वाटते. सत्तावन्न वजा करायचे, म्हणजे १९९५.

मी पोचले ते जंगल उघडण्याच्या दिवसांत. वर्षभर रान बंद असतं, गवत आणि पालापाचोळा सोडून कशालाही हात लावायचा नाही. हिवाळ्यात मात्र ठरलेले काही दिवस ते सगळ्यांना उघडतात. समितीची माणसं आधी फिरून कुठल्या पट्ट्यात विरळणी करायची ते ठरवतात, झाडांवर खुणा करतात, आणि मग घरटी माणसं हँसिया आणि खुकुरी घेऊन शिरतात. वाकडी, दाटलेली, वाळलेली झाडं निघतात, खालच्या फांद्या छाटल्या जातात. मोळ्या बांधून नाम्लो, म्हणजे वजन पेलायचा पट्टा, कपाळाला लावून बायका उतरतात. मी एक मोळी उचलायचा प्रयत्न केला. ती हललीही नाही, आणि एक दिदी माझ्याकडे बघून इतकी हसली की तिला स्वतःची मोळी खाली ठेवावी लागली.

वाटेच्या तोंडाशी बांबूच्या मांडवाखाली खजिनदार बसले होते. पुढ्यात लांबट वही. लिपी आपलीच असल्यामुळे मला ती सरळ वाचता येत होती: घरमालकाचं नाव, किती भारी, म्हणजे मोळ्या, लाकूड, किती रुपये, सही. दर भारीमागे अगदी थोडे पैसे, पण पावतीशिवाय एकही मोळी पुढे जात नव्हती. त्यांनी जुन्या वह्याही दाखवल्या. सुरुवातीच्या पानांवर निळ्या शाईचे अंगठेच अंगठे. पुढे हळूहळू सह्या येतात, पुढे बायकांच्या सह्या. आता तर समितीत निम्म्या बायका असाव्यात आणि अध्यक्ष-सचिवांपैकी एक बाई असावी असा नियमच आहे. इथे अध्यक्ष बाई आहेत. वनीकरण म्हटलं की आपल्याकडे खड्डा, रोप आणि फोटो असं चित्र येतं. मला वाटतं, रोपापेक्षा या वह्या जास्त महत्त्वाच्या.

राखणीच्याही दोन जुन्या पद्धती ऐकल्या. एक 'लौरी पालो': एक काठी घराघरांतून फिरते. आज ज्याच्या दारात काठी, त्याने रानात फिरायचं, संध्याकाळी ती शेजारच्या दाराला टेकवून यायचं. काठी दारात उभी असताना घरी बसायची कुणाची हिंमत? दुसरी 'मानापाथी': राखणदार ठेवायचा आणि घरटी माना-पाथीच्या मापाने धान्य द्यायचं, आपल्या बलुत्यासारखं.

आता रानाबद्दल. पहिल्यांदा सल्लाच का लावला, याचं उत्तर चालता चालता मिळतं. माती धुऊन गेलेली, दक्षिणेकडच्या उतारावर ऊन रणरणतं, त्यात गुरं सुटलेली. अशा जागी सल्ला तगतो आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. पण नुसत्या सल्लाच्या रानात पायाखाली सुयांचा सरकता गालिचा, दुसरं काही नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये ठिणगी पडायचा अवकाश. मात्र चराई थांबली आणि वरची गर्दी विरळ झाली तिथे जमिनीत उरलेल्या खोडांना फुटवे आले, पाखरांनी आणि वाऱ्याने बिया आणल्या, आणि सल्लाखालून चिलाउने, कटुस, काफळ अशी रुंद पानांची झाडं वर आली. ओढ्याकाठी, दरड कोसळलेल्या जागी उत्तिस स्वतःहून येतो. तो नायट्रोजन धरतो आणि जमीन सावरतो. मी ज्या पट्ट्यात फिरले तिथे वर चाळीस वर्षांचे सल्ला आणि खाली पुरुषभर उंचीचं मिश्र रान होतं. हे खालचं रान कोणी लावलेलं नव्हतं.

काही खोडांवर साल खरवडून पत्र्याचे छोटे डबे अडकवलेले दिसले. त्यात मधासारखा घट्ट खोटो, म्हणजे राळ, थेंबाथेंबाने गोळा होत होती. कंपन्या ती टर्पेंटाइन आणि रोझिनसाठी नेतात, समूहाला पैसे मिळतात. माझं एक बोट त्यात गेलं आणि रात्री रॉकेलने धुवावं लागलं. पडक्या कडेला बनमारा माजला होता, आपल्या सह्याद्रीतल्या रानमोडीची भावकी. तो बघून उगीच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं, नको असलेलं.

गोड गोड चित्र रंगवायचं नाही. रान 'बंद' केलं तेव्हा त्याची झळ कुणाला बसली? ज्यांच्याकडे स्वतःच्या बांधावर झाडं होती त्यांना फारशी नाही. खालच्या वस्तीतले कामी, म्हणजे लोहार, यांचा आरन, म्हणजे भट्टी, कोळशावर चालायचा आणि कोळसा पाडायलाच बंदी आली. वस्तीतल्या एका कामी दाइंनी (दाइ म्हणजे दादा) हे अगदी शांतपणे सांगितलं, "रान वाढलं ते आमच्या भट्टीवर." आता समूहाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा गरीब घरांसाठी खर्च करायचा नियम आहे, त्यांना त्यातून शेळ्या मिळाल्या. पण त्यांचा मुलगा लोहारकाम शिकला नाही. आपल्याकडे कुऱ्हाडबंदी-चराईबंदीच्या यशकथा सांगताना हा हिशोब बहुतेक वेळा गाळलेला असतो.

दुसरीकडे हेही खरं, की या समित्यांनी रानापलीकडेही गाव धरून ठेवलं. माओवादी युद्ध, नंतरची राजकीय ओढाताण, २००२ ते २०१७ एवढ्या काळात नेपाळच्या गावांत निवडून आलेलं स्थानिक शासनच नव्हतं. तेव्हा दरवर्षी सभा घेणारी, हिशोब वाचून दाखवणारी, भांडून का होईना पदाधिकारी निवडणारी गावातली संस्था म्हणजे उपभोक्ता समूह. २०१५ च्या भूकंपात सिंधुपाल्चोकमध्ये साडेतीन हजारांवर माणसं गेली, चौतारा तर जमीनदोस्त झालं. या गावातली घरं पडली तेव्हा छपराचं लाकूड याच रानातून आलं. गडचिरोलीत मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात घेतले, ती गोष्ट मी अध्यक्ष दिदींना सांगितली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पासबुक कोणाकडे असतं, पुरुषाकडे की बाईकडे?" मला उत्तर देता आलं नाही.

मुक्कामाच्या शेवटी समितीची बैठक होती, शाळेच्या व्हरांड्यात, मकई-भटमास, म्हणजे मका आणि सोयाबीन, चावत. मला वाटलं होतं, रान कसं वाढवायचं यावर चर्चा असेल. चर्चा होती ती रान जास्त झाल्याची. गावातली तरणी पोरं कतार, मलेशिया, दुबईला. जनावरं कमी झाली, स्वयंपाकाला गॅस आला, त्यामुळे चारा-लाकूड न्यायलाच माणसं नाहीत. पाचोळा साठतो आणि वणवा लागला की आवरत नाही. मार्च २०२१ मध्ये वणव्यांचा धूर इतका झाला की देशभरातल्या शाळा चार दिवस बंद ठेवाव्या लागल्या. माकडं मक्याच्या शेतात उतरतात, कंटाळून लोकांनी वरची शेतं पड टाकली, आणि पड शेतात पुन्हा रान शिरलं. नासाच्या चित्रात तीही हिरवीच दिसणार. सल्ला तोडायच्या वयाला आला आहे, पण परवानग्या, ओढून न्यायची मजुरी आणि कर जमेस धरला तर काठमांडूत परदेशातून आलेलं लाकूड स्वस्त पडतं, असं सचिव म्हणाले. राखायला शिकलो, विकायला कोणी शिकवलं नाही, अशी त्यांची तक्रार. मला ती रास्त वाटली. रान राखलेल्या गावाला झाड तोडताना चोरासारखं वागवायचं, हा अविश्वास आपल्याकडच्या वनखात्यांनाही अनोळखी नाही.

सर्वांत जास्त वाद झाला तो श्रमदानाला न येणाऱ्या घरांवरून. वणवा अडवायचे पट्टे साफ करायला घरटी एक माणूस यायलाच हवा, नाहीतर दंड. पण ज्या घरात म्हातारी एकटी आहे आणि मुलगा दोह्याला, त्या घराने काय करायचं? एकाचं म्हणणं, दंड भरा आणि लाकडाचा वाटा घ्या. दुसरा उखडला, सगळ्यांनीच दंड भरला तर वणवा काय नोटांनी विझवायचा? शेवटी असं ठरलं, की म्हाताऱ्यांच्या घराला माफी, धडधाकट घराला दंड दुप्पट, आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी गैरहजर राहील त्याचा इमारती लाकडाचा हक्क त्या वर्षापुरता बंद. खजिनदारांनी निर्णय वहीत उतरवला, वही फिरली. सही करता करता अध्यक्ष दिदींनी फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे त्यांचाच धाकटा, कतारमधून. दंड दुप्पट झाल्याचं ऐकून तो चिडला. दिदी म्हणाल्या, "तुझ्या घराचेही भरायचे. आजच पाठव, खजिनदार थांबलेत."