आबांच्या अडकित्त्यासाठी चामड्याचं पाऊच

मे महिन्यात आबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि मला त्यांना स्वतःच्या हातानं केलेलं काहीतरी द्यायचं होतं. आबांचा लोखंडी अडकित्ता माझ्या बाबांपेक्षा जुना, कायम बंडीच्या खिशात, आणि तो खिसा आजी दर दोन महिन्यांनी शिवत असते. म्हणून ठरवलं की त्याच्याच आकाराचं, ओल्या चामड्यातून दाबून काढलेलं पाऊच करायचं.

पहिले तर चामडंच चुकलं. नागपूरच्या इतवारीतून मस्त मऊ तुकडा आणला, तो क्रोमचा, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेला निघाला, भिजवून कितीही दाबा, सोडला की परत सपाट. आकार धरून ठेवतं ते झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं, कोल्हापुरी चपलेला असतं तसं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून केलेलं. मग ते २ एमएमचं मागवलं.

कोमट पाण्यात टाकलं की बारीक बुडबुडे येतात, ते थांबले की काढायचं, पण लगेच दाबायचं नाही, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं म्हणजे ओल आतपर्यंत सारखी होते. सकाळी वरचा रंग परत फिकट व्हायला लागला की बसायचं. १२ एमएमच्या प्लायला जिग्सॉनं अडकित्त्याच्या आकाराचं भोक पाडलं होतं, सगळीकडून ३ एमएम मोठं, कारण चामड्याची जाडीही त्यातच बसवायची असते. खाली क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेला अडकित्ता, वर चामडं, त्यावर ही चौकट आणि सहा क्लॅम्प. मग चमच्याच्या पाठीनं कडेकडेनं घासत जायचं, नख अजिबात लागू द्यायचं नाही, तो ओरखडा नंतर जात नाही.

आई म्हणाली गच्चीवर ठेव, पापडासारखं तासाभरात वाळेल. पण आपल्याकडचं ४५ डिग्रीचं ऊन, त्यात चामडं आकसतं आणि तडकतं. कूलरच्या खोलीतही नको, तिथली हवा दमट. जिन्याखाली सावलीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी क्लॅम्प काढले तर आतून पात्याच्या रेषेवर काळे-निळे डाग! मला वाटलं बुरशी आली. खूप वाईट वाटलं, समारंभाला आठच दिवस राहिले होते. आजीनं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "काय करून राहिला तू? लोखंड लागलं ना याला? हिरडा अन् लोखंड ओलं झालं की काळंच होते. पहिले शाई करत होते अशी." अगदी बरोबर होतं तिचं. पात्यानं फिल्म फाटली होती आणि हिरड्यातल्या टॅनिननं, म्हणजे चामडं कमावणाऱ्या तुरट द्रव्यानं, लोखंड पकडलं होतं, कलमकारीतला काळा रंग असाच बनतो. लिंबू चोळलं, डाग फिके झाले, गेले नाहीत.

मग सागाच्या तुकड्यातून अडकित्त्याचा साचाच कोरला, दोन संध्याकाळी गेल्या. पण यावेळी जे उतरलं ना, मधल्या खिळ्याचा उंचवटा, दांड्यांचा बाक, सगळं स्पष्ट! मागे सपाट तुकडा लावून दोन सुयांनी मेणाच्या धाग्यानं शिवलं, कडा ओल्या करून जुन्या जीन्सच्या कापडानं चमकेपर्यंत घासल्या, आणि तोंडाशी अंगठ्यापुरती खाच ठेवली, आबांची बोटं आता पहिल्यासारखी पकडत नाहीत म्हणून.

आबांनी अडकित्ता आत सरकवला, काढला, परत सरकवला, असं चार-पाच वेळा केलं. मग विचारलं, "आता नाही होणार काळं?" मी सांगितलं, कोरडं आहे तोवर नाही, पण पावसाळ्यात ओल धरली तर होईल, तेव्हा अडकित्ता बाहेर ठेवा आणि पात्याला खोबरेल लावत जा. जूनच्या पहिल्या सरीला त्यांनी अडकित्ता पुसून पानाच्या डब्यात ठेवला, आणि पाऊच कपाटात, धोतरांच्या घडीवर.