कुंडलिनी: घाम, कंप आणि त्यानंतरचे

साधनेच्या तिसऱ्या वर्षी माझ्या माकडहाडापाशी कंप सुरू झाला. प्राणायाम आटोपून ध्यानाला बसलो की दहा-पंधरा मिनिटांत तेथे मुंग्या येत, मग कंबर आपोआप एका लयीत डोलू लागे आणि कधी मान झटक्याने मागे जाई. मी एक वही केली होती. तीत सहा चक्रांचे, म्हणजे कण्याच्या बाजूने मानलेल्या शक्तिकेंद्रांचे, सहा रकाने आखून रोज कोठे काय जाणवले याची नोंद ठेवत असे. सर्वांत खालच्या मूलाधाराचा रकाना भरून गेला होता, त्यावरच्या स्वाधिष्ठानातही खुणा पडू लागल्या होत्या, आणि कुंडलिनी, म्हणजे कण्याच्या तळाशी निजलेली मानतात ती शक्ती, जागी झाली याविषयी माझ्या मनात फारशी शंका उरली नव्हती. ती वही मी मोठ्या उत्साहाने माझ्या मार्गदर्शकांपुढे ठेवली. त्यांनी चार पाने चाळली आणि विचारले, "झोप किती तास लागते?"

वहीत झोपेचा रकाना नव्हता. मला चार तासांहून अधिक झोप लागत नव्हती, आणि तेही मी जागृतीचेच लक्षण धरून चाललो होतो.

त्यांनी मला हठयोगप्रदीपिकेचा दुसरा उपदेश, म्हणजे अध्याय, पुन्हा वाचायला सांगितला. स्वात्मारामांचा हा ग्रंथ 15 व्या शतकातला. प्राणायामाच्या कनिष्ठ पायरीवर घाम येतो, मध्यम पायरीवर कंप सुटतो आणि उत्तम पायरीवर प्राण आपल्या स्थानी पोहोचतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ज्या कंपावर मी पानेच्या पाने भरत होतो, तो केवळ श्वासाच्या अभ्यासातला मधला टप्पा होता. कुंडलिनीची गोष्ट त्या ग्रंथात पुढे, तिसऱ्या उपदेशात येते. दुसऱ्या उपदेशात असेही बजावले आहे की सिंह, हत्ती वा वाघ जसा हळूहळू माणसाळवावा लागतो तसाच प्राण वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला आणि डोके, कान, डोळे यांची दुखणी जडतात, ही यादीही तेथेच आहे. पहिल्या वाचनात मी ती सहज ओलांडून गेलो होतो.

टप्प्यांविषयी बोलायचे तर आपल्या डोळ्यांपुढे बहुधा चक्रांची शिडीच येते. चार, सहा, दहा, बारा, सोळा आणि दोन अशा त्यांच्या पाकळ्यांची बेरीज 50 होते आणि त्या प्रत्येक पाकळीवर वर्णमालेतले एक अक्षर बसवलेले असते. माझ्या समजुतीप्रमाणे ही मांडणी मुळात ध्यानासाठी रचलेली आहे. आज पोटात गरम वाटले म्हणून नाभीपाशचे मणिपूर चक्र उघडले, असा हिशेब तीतून काढता येत नाही. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशातले टप्पे मला अधिक विश्वासाचे वाटतात. आरंभ, घट, परिचय आणि निष्पत्ती या त्या चार अवस्था. आरंभात ब्रह्मग्रंथीचा, म्हणजे प्राणाच्या वाटेतल्या तीन गाठींपैकी पहिलीचा, भेद होऊन अंगात दागिन्यांच्या किणकिणीसारखा अनाहत नाद, म्हणजे आघाताशिवाय उठणारा आवाज, उमटतो, घटावस्थेत विष्णुग्रंथी सुटून भेरी या नगाऱ्याचा आवाज येतो, परिचयात मर्दल हा मृदंगासारखा ढोल वाजतो आणि रुद्रग्रंथी भेदल्यावर निष्पत्तीत बासरी व वीणा. येथे प्रगती मोजली आहे ती ऐकण्याच्या सूक्ष्मतेने. धक्क्यांना आणि झटक्यांना तेथे मोजमापात जागा नाही.

धक्के खरे नसतात, असे मात्र मला म्हणायचे नाही. काश्मिरी साधक व लेखक गोपीकृष्ण यांना 1937 मध्ये ध्यानात बसले असताना मणक्यातून प्रकाशाचा लोंढा मस्तकात चढल्याचा अनुभव आला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे अंगाचा दाह, निद्रानाश व भीती यांनी ते पोळून निघाले. शक्ती सुषुम्ना या मधल्या नाडीऐवजी उजव्या बाजूच्या पिंगला नाडीतून चढली, असा अर्थ त्यांनी स्वतः लावला होता. हे वाचल्यावर मी निमूटपणे डॉक्टरांकडेही जाऊन आलो.

फलिताचे सर्वांत थरारक वर्णन मला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आढळते. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात साडेतीन वेटोळी घालून निजलेली कुंडलिनी जागी होते ती भुकेली. ती देहातले मांस, धातू सारे खाऊन टाकते आणि तृप्त झाल्यावर शांत होते, मग जुनी त्वचा गळून देहाला नवी कांती येते. एवढ्यावर अनेकांचे वाचन थांबते. पुढे ज्ञानेश्वर सांगतात की तिचे कुंडलिनी हे नावच जाते, ती केवळ मारुत म्हणजे वायू उरते, आणि शिवाशी मिळेपर्यंतच तिचे शक्तिपण शिल्लक राहते. वाटेत लाभणाऱ्या सिद्धींना, म्हणजे अलौकिक शक्तींना, योगसूत्रांचे कर्ते पतंजलींनी तर समाधीतले अडथळेच म्हटले आहे. माझ्या वहीत नावे वाढत चालली होती. येथे होते ते नावही पुसले जाते.

कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणे, मी पूर्ण बंद केला, बैठक निम्म्यावर आणली. दोन महिन्यांत झोप सहा तासांवर आली आणि कंप कधी विरला ते कळलेही नाही. खरे सांगायचे तर काही दिवस मला त्याच्यावाचून चुकल्यासारखे होत असे. नव्या वहीत दोनच रकाने आहेत, एक झोपेचा आणि एक रागाचा. दुसरा अजून बराच भरतो.