वस्तादांचा कान

बुधवार, रात्री साडेअकरा

सकाळपासून एकच वाक्य डोक्यात फिरतंय. "फोटो झकास आलाय. पण माझा कान कुठं गेला रं?"

एवढंच. आवाजात राग नव्हता. चष्मा नाकावर चढवला, प्रूफचं पान दाराच्या उजेडाकडं धरलं, विचारलं आणि तालमीचे वस्ताद कुस्तीच्या हौद्याकडं वळले. आज माती उकरायचा दिवस होता. पोरं फावडी घेऊन उभी, बाजूला ताकाचा हंडा, हळद, कापून ठेवलेली लिंबं. मी पान गुंडाळलं, थंडाईचा ग्लास संपवला आणि निघालो. गंगावेस कधी आली कळलं नाही.

आधी रागच आला, खोटं कशाला लिहू. आमच्या अंकातल्या ‘पेठेतली माणसं’ची आठ पानं, आठ पोर्ट्रेट, सगळी मी एकट्यानं काढली. दूध कट्ट्यावर धार काढणाऱ्या मामांसाठी तीन संध्याकाळी उभा राहिलो, कारण म्हैस फ्लॅशला बुजते. पापाच्या तिकटीच्या मावशी चामडं कापायची रापी हातात असताना वर बघतच नाहीत, त्यांच्यासाठी दोन दुपारी. लॅपटॉप दर वीस मिनिटांनी अडकतो. सलग चार रात्री दोन वाजता झोपलोय. बाकीच्यांनी एकेक कविता दिली आणि मोकळे झाले. सर वस्तादांचा फोटो बघून म्हणाले होते, "कव्हरला हाच." आणि ज्यांचा फोटो, त्यांना त्यात फक्त कान दिसत नाही म्हणून हुरहूर.

तसाच खरी कॉर्नरवरून घरी आलो. तिथला कॅमेऱ्याचा मानस्तंभ रोज दिसतो. आमच्या कोल्हापूरच्या मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा स्वतः बनवला होता. मला तर तो फक्त समोरच्या माणसाकडं नीट धरायचा होता.

दुपारी फाइल उघडली. स्वतःला सांगत होतो की कान उजेडानं खाल्ला. तालमीला दारातून तेवढाच काय तो प्रकाश. मी म्हटलं होतं, "वस्ताद, जरा उजवीकडं, दाराकडं बघा." चेहरा उजेडाकडं वळला, उजवा कान पलीकडं गेला, डावा माझ्या बाजूला पण अंधारात राहिला. गालाचं हाड, मिशी, डोळ्यातला दाराचा तो पांढरा चौकोन, सगळं सुरेख आलं. 50 ची लेन्स, अ‍ॅपर्चर 2 वर, म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं. एवढ्या जवळून काढलं की तेव्हा तीन-चार सेंटिमीटरच्या पट्ट्यातलंच धारदार येतं. डोळ्यावर फोकस, आणि डोळ्यापासून कान चांगला चार बोटं मागं. म्हणजे अंधारात होता तो होता, वर धूसरही. मग छपाई. स्क्रीनवर जो भाग करडा दिसतो तो मॅपलिथो कागदावर शाई पसरून काळा होऊन बसतो. प्रूफवर कानाच्या जागी नुसता काळोख.

इथपर्यंत सगळं खरं आहे. इथंच थांबलो असतो तर आज झोप लागली असती.

पण फोटोवर केलेल्या बदलांचे थर, म्हणजे लेयर, उघडत गेलो तर मधे एक लेयर सापडला. मीच केलेला, शनिवारी रात्री. लिक्विफाय. मागच्या भिंतीवर कानाची कड उठून दिसत होती. पैलवानाचा मोडलेला कान, वरची पाळी गोळा होऊन भज्यासारखी फुगलेली, आतली घडी पार बुजलेली. ब्रश घेऊन मी ती कड आत ढकलली. आधी वरून, मग मागून. मग वर काळं फिरवलं. लेयरला नाव दिलं होतं ‘साफ’.

ते नाव वाचून पोटात कसंतरी झालं.

मी असं का केलं? नजर डोळ्यांवरून कानाकडं जात होती म्हणून, असं त्या रात्री मनाशी म्हटल्याचं आठवतं. शिकवलेलंच आहे ते, लक्ष वेधून घेणारं काही कडेला नको. पण मग खांद्यावरचा टॉवेल? तो कानापेक्षा चौपट उजळ आहे, त्याला मी हातही लावला नाही. म्हणजे लक्ष जाण्याचा प्रश्न नव्हता. मला तो कान बघून लाज वाटली होती. त्यांच्या वतीनं. त्यांना कधी वाटली नाही ती लाज मला वाटली, आणि त्यांना न विचारता मी ती फोटोत घातली.

आणि मी काही परका नाही. याच गावात वाढलो. लहानपणी एसटीत कुणाचे कान असे दिसले की अप्पा कोपरानं ढोसायचे, "पैलवान हाय, उठ, जागा दे." त्या कानांना उठून जागा द्यायची असते हे मला चौथीत माहीत होतं. मग मधे काय झालं? हजारो गुळगुळीत चेहरे बघून बघून माझा डोळा असा झाला का? लिहून बघितलं पण पटत नाही. कुणावर तरी ढकलल्यासारखं वाटतं.

सगळ्यात वाईट हे की त्यांनी मला त्या कानाची गोष्ट सांगितली होती. फोटो काढतानाच. सोळाव्या वर्षी पहिल्यांदा मोडला. खडाखडीत डोक्याला डोकं लावून रगडारगडी चाललेली, कान मधे चेंबला. कातडी आणि आतली कूर्चा यांच्यात रक्त साकळतं, वेळेत काढलं नाही तर तसंच घट्ट होऊन बसतं. पंधरा दिवस त्या कुशीवर झोपता आलं नाही. आई रडली. त्यांच्या वस्तादांनी कान हातात धरून बघितला आणि म्हणाले, "आता शिकायला लागलास." हे सांगताना त्यांचा हात आपोआप कानाकडं गेला होता. मी "हं, हं" करत होतो आणि कॅमेऱ्यावर हिस्टोग्राम, उजेडाचा आलेख, बघत होतो.

आणि फोटोखालची ओळ मी काय लिहिली? ‘शाहू महाराजांनी 1912 साली उभारलेल्या खासबागेच्या मातीत घडलेला चेहरा.’ सरांना फार आवडली होती. मातीनं जे घडवलं तेवढंच नेमकं मी पुसलं आणि खाली ही ओळ लिहिली.

नियम माहीत नव्हता असंही नाही. पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं होतं की आठवड्यात जाणारं असेल ते काढा, आयुष्यभर राहणारं असेल ते राहू द्या. कबड्डीवाल्या मुलीनं कपाळावरची पुटकुळी काढ म्हणून स्वतः सांगितलं, हीलिंग ब्रशनं एका टिचकीत काढली, त्याचं काही वाटलं नाही. परवा ती पुटकुळी खरीच गेलेली होती. ताईच्या बायोडेटातल्या फोटोचं मात्र... नको, आज नको.

तात्यांचा फोटो आठवतोय सारखा. समोरच्या भिंतीवरचा. स्टुडिओवाल्यानं रेशनकार्डावरच्या फोटोवरून मोठा करून दिला, आणि देताना कोट चढवला. तात्यांनी जन्मात कोट घातला नाही. आम्ही घरी आणला, आई कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "असू दे, चांगला दिसतोय." त्या स्टुडिओवाल्याचा मला अजून राग आहे. त्यानंही लेयरला काहीतरी नाव दिलंच असेल.

चारच्या सुमाराला मूळ रॉ फाइल घेतली. सावल्या उचलल्या. कान आला वर, पण खसखस पेरल्यासारखे दाणे घेऊन, आणि धूसर तो धूसरच. अ‍ॅपर्चर 2 ला जे निसटलं ते नंतर कुठल्याच स्लायडरनं परत येत नाही. मग त्या दिवसाच्या सगळ्या एकशे बारा फ्रेम पहिल्यापासून बघितल्या. सगळ्यात ते दाराकडं बघतायत. मीच बघायला लावलं होतं. ते आपणहून बसले होते तेव्हा समोर तोंड करून, छाती काढून, हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि मी "असं पासपोर्टसारखं नको" म्हणालो होतो.

तालमीच्या भिंतीवर जुने फोटो आहेत. 1959 साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे, त्यांच्या शेजारी कितीतरी जण. बहुतेक सगळे सरळ समोर बघणारे, खांद्यावर गदा. आजवर मला ते फोटो ताठ, जुनाट वाटायचे. संध्याकाळी परत तालमीत गेलो तेव्हा पहिल्यांदा त्यांच्यासमोर नीट उभा राहिलो. सरळ समोर बघितलं की दोन्ही कान दिसतात.

संपादकबाईंना फोन केला तेव्हा त्या वैतागल्या. त्यांचं बरोबर आहे. उद्या बारा वाजता पान बंद होणार, त्याच्या पलीकडं प्रेसवाला थांबणार नाही. "कानासाठी?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं आणि दुसऱ्यांदा म्हणताना बरं वाटलं. कव्हर हातचं जाईल कदाचित. सरांना तो दारातला उजेडच आवडला होता. जाऊ दे. तो उजेड मलाही आवडला होता, आवडतोच.

उद्या त्यांना दाराबाहेर पायरीवर बसवणार. तिथं सकाळी सावली असते पण उजेड भरपूर. अ‍ॅपर्चर 5.6 ठेवला की डोळ्यापासून कानापर्यंत सगळं धारेत येईल. आत हाच 5.6 ठेवायचा तर आठपट प्रकाश कमी पडला असता. शिवाय मिशीवर माती असेल, ती पुसायची नाही.

वस्तादांना संध्याकाळी सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. लिक्विफाय कसं सांगणार? "वस्ताद, कान मीच घालवला," एवढंच म्हणालो. ते ओल्या मातीवर फळी फिरवत होते, हात थांबला नाही.

"मग परत काढायचा का?"

"हो. चालेल का?"

"काढ की. सातला ये, मेहनत झाल्यावर. आंघोळ करून बसू का तसाच?"

"तसेच बसा. समोर बघून."

त्यांनी फळी भिंतीला टेकवली, मातीचाच हात डोक्याच्या बाजूला नेला, आधी उजवीकडं, मग डावीकडं, अंधारात चाचपून बघितल्यासारखा.

"डावा नीट घे," म्हणाले. "तो आधी मोडलाय."