सातवा रकाना

अर्जात सातवा रकाना होता, ‘अभ्यासासाठी निवडलेला धर्म’. त्या एका रकान्यापायी माझे पाच आठवडे गेले आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

एम.ए.ला मी धर्मांचा तौलनिक अभ्यास घेतला आहे. प्रवेश, फी, पहिल्या वर्षाचे पेपर, सगळं सुरळीत पार पडलं. दुसऱ्या वर्षी प्रकल्प असतो आणि त्यातल्या मुलाखतींसाठी अभ्यासकेंद्राचं शिक्क्याचं पत्र लागतं. माझा विषय लग्नातली संमती. सोलापुरात वाढलेल्या माणसाला तो शोधावा लागत नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत १४ जानेवारीला संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो. सोलापूरचे आराध्य शिवयोगी सिद्धरामेश्वर, त्यांच्याशीच लग्न करीन म्हणणाऱ्या कुंभारकन्येचं त्यांच्या योगदंडाशी लग्न लागलं, अशी कथा आहे. आधी संमतीचं वाचन, मग ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ असा घोष आणि अक्षता. निकाहात साक्षीदारांसमोर इजाब आणि कुबूल, म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकार, व्हावं लागतं. चर्चमध्ये वधूवरांना एकेकाला विचारतात, ते सगळ्यांसमोर होकार देतात. तिन्हीकडे हा होकार मोठ्यानं का म्हणावा लागतो, एवढाच माझा प्रश्न.

१८ डिसेंबरला मी रकान्यात ‘वीरशैव-लिंगायत, इस्लाम, ख्रिस्ती’ असं लिहून दिलं. आठवड्यानं अर्ज परत.

“ताई, एकच लिहा. कॉम्प्युटर एकच घेतो.”

मग ‘तौलनिक’ लिहिलं. पुन्हा परत, कारण त्या नावाचा धर्म यादीत नाही. तिसऱ्या खेपेला टेबलामागच्या बाई म्हणाल्या, “तुमचा स्वतःचा जो असेल तो टाका ना, आज सही करून देते.”

टेबलावर शिक्का पडलेला होता, पॅडची शाई ओली होती. हो म्हटलं असतं तर दहा मिनिटांत पत्र हातात असतं. मी नाही म्हटलं आणि ते बरोबरच केलं असं मला वाटतं. या विषयाचा पहिला धडाच तो आहे. धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी १९६७ साली इंग्लंडमध्ये लँकेस्टरला धर्म-अध्ययनाचा विभाग उभा केला. विधी, कथा, अनुभव, तत्त्व, नीती, समाज आणि वस्तू अशा सात अंगांनी धर्माकडे पाहायला त्यांनी शिकवलं. अभ्यासकाची स्वतःची श्रद्धा कुठली, हे त्या सातांत कुठेच येत नाही. आमच्या वर्गात हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, आणि ज्या कार्यालयानं तो वर्ग भरवला त्याच कार्यालयाचा अर्ज मला नेमकं तेच विचारत होता. बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि साहेब पुढच्या सोमवारी येतील म्हणाल्या.

तोवर यात्रा तोंडावर आली. घाबरून मार्गदर्शक मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, चारचौघांत होणारा सोहळा बघायला पत्र कशाला?” हे मी डिसेंबरातच विचारायला हवं होतं. तुम्हीही आधी मार्गदर्शकांना विचारा, कार्यालयात नंतर जा.

अक्षतेला गेले. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंच काठ्यांचे सात नंदीध्वज आणि माझ्या शेजारी एक आजी, तांदळाची मूठ आवळून. अक्षता टाकल्यावर तळहाताला चिकटलेले चार दाणे त्यांनी पदराच्या टोकाला बांधले. “नातीचं जमायचंय,” म्हणाल्या. त्या चार दाण्यांवर माझ्या वहीत दीड पान आहे.

पत्र मिळालं ते असं : सातव्या रकान्यात ‘सोबतचा कागद पाहा’ आणि त्या कागदावर तीन ओळींत विषय, खाली मॅडमची सही. कॉम्प्युटरमध्ये टेबलामागच्या बाईंनी ‘इतर’ निवडलं. म्हणजे यादीत ‘इतर’ पहिल्यापासून होतं! २३ जानेवारीला शिक्का बसला.

एक राहिलं. अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्याच. माझा पहिला अर्ज ‘आलाच नाही’ म्हणाले, तेव्हा तो क्रमांकच उपयोगी पडला. जैन विवाहविधी कुणाला घ्यायचा असेल तर जीवराज जैन ग्रंथमाला आपल्या सोलापूरचीच आहे, पुस्तकांसाठी पुण्याला पळू नका.

पत्राची मुदत ३१ मार्चपर्यंत आहे. काझीसाहेबांची मुलाखत झाली. चर्चची राहिली आहे, आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की तिथे सहसा लग्नं लागत नाहीत, म्हणून या रविवारीच जाते आहे.